शुक्रवारचे पाहुणे

आमची मुलगी आमच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. म्हणजे तिची पहिली सात वर्षं आमच्यापाशी नाहीत. ना पहिल्या दाताचा फोटो, ना पहिल्या पावलाची आठवण. हे सांगितलं की लोक चेहरे पाडतात. मला त्याचा राग येतो. जी वर्षं मिळाली त्यांतच इतकं घडलंय की मागच्यासाठी रडत बसायला मला सवड नाही.

ती माझ्या नवऱ्याच्या मावसभावाची मुलगी. तो डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानात गेला, तिथल्याच एका रशियन बोलणाऱ्या मुलीशी लग्न केलं आणि तिथलाच झाला. घरच्यांनी त्याच्याशी संबंध जवळजवळ तोडले. पुढे एका अपघातात दोघंही गेली आणि पाच वर्षांची पोर बालगृहात गेली. हे आम्हाला कळायलाच वर्ष लागलं. 'जवळजवळ तोडले' हे लिहिताना आजही लाज वाटते, कारण त्या घरच्यांत मीही होते. फोन आला त्या दिवशी नवरा ताटावरून उठला, हात धुऊन आला आणि म्हणाला, "आपण आणू या तिला." मी हो म्हणाले. आमच्या लग्नातला हा एकमेव निर्णय असेल, ज्यावर मी वाद घातला नाही.

मग वर्षभर कागद, शिक्के, वकील, व्हिसा. रजा काढून काढून तो तीनदा बिश्केकला जाऊन आला. शेवटी फेब्रुवारीत तिला घेऊन आम्ही राहतो त्या बहरीनला उतरला. विमानतळावर मी पहिल्यांदा पाहिला तो तिचा कोट. निळा, गुडघ्याखाली जाणारा, आत लोकर असलेला. त्यावर एवढंसं तोंड, आणि नाक मात्र थेट आमच्या सासरचं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विमानात नवऱ्याने शिकवलेला एकुलता एक शब्द म्हणाली, "आई." मला काय वाटलं असेल ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींनाही ती "आई" म्हणाली. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

या भाभी मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांच्या मिस्टरांचं मनामाच्या बाजारात सुटे भाग विकायचं दुकान आहे. पंधरा वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत आणि दिवसा ती सहसा बंद नसतात. पहिल्या आठवड्यातच भाभींनी निकाल दिला, "बाय माझी, काय गुणाची पोर गो!" आणि खरंच, इतकं शहाणं मूल मी पाहिलं नव्हतं. सकाळी स्वतः उठायची, अंथरुणाच्या घड्या अशा घालायची की कोपऱ्याला कोपरा. ताटात वाढलेलं निमूट संपवायची. आपली रीत अशी की रिकामं ताट दिसलं की वाढायचं, आणि तिची रीत अशी की वाढलेलं संपवायचं. एका दुपारी मी वाढत गेले आणि ती खात गेली, आणि शेवटी सगळं बाहेर आलं. उलटी झाल्यावर स्वतःच फडका शोधून फरशी पुसायला बसली. रडली नाही. मी तिला उचलून घेतलं आणि भाभींना अभिमानाने सांगितलं, "बघा, केवढी समज!" तेव्हा मला कोणीतरी दोन लगावायला हव्या होत्या.

नवऱ्याने फोनवरून रशियन शिकायला घेतलं होतं. तो रशियन बोलला की पुण्यातला माणूस रस्ता सांगतोय असं वाटायचं, पण तिला ते कळायचं. माझं काम हातवाऱ्यांवर आणि फोनवरच्या भाषांतरावर चालायचं. मी आवाज मात्र कधी चढवला नाही. ज्या बाईचा राग इमारतीच्या वॉचमनलाही माहीत आहे, ती बाई डोक्यावर बर्फ आणि तोंडात खडीसाखर ठेवून घरभर फिरत होती. नवरा म्हणायचा, "मला भीती वाटायला लागलीये तुझी."

महिनाभराने आम्ही पहिल्यांदा पाहुणे बोलावले. झिंजमध्ये राहणारं एक जोडपं, आमचे जुने स्नेही. मुलगी बघायची म्हणून तिच्यासाठी बाहुली घेऊन आले. जेवणं झाली, गप्पा झाल्या, आणि मग मी तेच केलं जे आपल्याकडे प्रत्येक आई करते, आणि जे लहानपणी आपल्याला कोणी करायला लावलं की आपण पडद्यामागे लपायचो. म्हणाले, "अहो, तिला सांगा ना, काका-काकूंना एखादी कविता म्हणून दाखव."

नवऱ्याने सांगितलं. ती लगेच आत गेली, केस ओले करून नीट विंचरून आली, जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची मधोमध ओढली आणि तिच्यावर उभी राहिली. हात शरीराला चिकटवलेले. बर्फाबद्दलची आणि एका झाडाबद्दलची लांबलचक कविता तिने न अडखळता म्हटली. शेवटी वाकून नमस्कार केला. आम्ही टाळ्या पिटल्या. काकूंनी तिला जवळ ओढून गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "कित्ती गोड गं! चल, येतेस आमच्याकडे राहायला? नेऊ तुला?" आणि हाताने बोलावल्याची खूणही केली.

आता हे आपण सगळेच म्हणतो. परक्याच्या मुलाला 'चल आमच्याकडे' म्हटलं नाही तर भेट पुरी होत नाही. मूल आईच्या मागे लपतं, मोठी माणसं हसतात, विषय संपतो.

आमची मुलगी लपली नाही. पाहुणे उठले तेव्हा ती दारात उभी होती. अंगात तो निळा कोट, पायात बूट, पाठीला दप्तर. तिने काकूंचा हात धरला. काय हसलो आम्ही! "अगं, ही तर निघालीच!" हसत हसत सगळी लिफ्टने खाली गेली, मीही गेले. ती गाडीच्या मागच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला. शेवटी नवऱ्याने तिला उचलून बाहेर घेतलं. तिने विरोध केला नाही. वर आल्यावर कोट हँगरला लावला, बूट जागेवर ठेवले आणि झोपायच्या खोलीत गेली. आम्ही ही गंमत म्हणून चार लोकांना फोनवर सांगितली.

दोन आठवड्यांनी नवऱ्याच्या ऑफिसमधले दुसरे पाहुणे आले. पुन्हा कविता, पुन्हा "येतेस का", पुन्हा कोट. या वेळी मी हसले नाही. माझा आतून तिळपापड झाला. दीड महिना मी हिच्यासाठी जीव टाकते, आणि ही कोणाबरोबरही निघते? तासाभरापूर्वी पाहिलेल्या बाईबरोबर? मनात आलं, हिला माया लागतच नसेल. हे मनात आलं होतं, ते मी लपवत नाही. नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

त्याच आठवड्यात तिचे केस कापायला मी तिला झिंजमधल्या एका पार्लरमध्ये नेलं. तिथे कझाकस्तानची एक बाई काम करते असं मला एका मैत्रिणीने सांगितलं होतं. ही दणकट बाई, सोनेरी केसांची, कपाळावर कायम आठी. तिने रशियन बोलायला सुरुवात केली आणि आमच्या मुलीचं तोंड जे उघडलं ते मिटेचना. दीड महिन्यात मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. मी मागे बसून मासिक चाळत होते. मध्येच कात्री थांबली. आरशात त्या बाईचा चेहरा पाहिला आणि मी उठलेच.

मोडक्या इंग्रजीत ती जे म्हणाली ते मी माझ्या भाषेत सांगते. "ही विचारतेय की, लोक हिला खाली नेतात आणि परत का आणून सोडतात? हिची कविता त्यांना आवडत नाही का? हिला आणखी एक येते. तुम्ही सांगितलं तर पुढच्या वेळी ती म्हणेल."

मग त्या बाईने मला समजावलं. बालगृहात पाहुणे यायचे. मुलं केस विंचरून उभी राहायची, एकेक जण खुर्चीवर चढून कविता म्हणायचा. कधी कधी त्यानंतर एखाद्या मुलाला कोट घालायला सांगायचे आणि ते मूल पाहुण्यांबरोबर जायचं. म्हणजे आमचं घर तिला घर वाटलंच नव्हतं. आम्ही तिला तात्पुरती ठेवून घेतलेली माणसं होतो, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत तिला न्यायला लोक येत होते. खुर्चीवर चढवलं होतं मीच.

पण मला रडू आलं ते यामुळे नाही. माझ्या मनात जे घर करून बसलं ते निराळंच होतं. ही पोर प्रत्येक वेळी हिमतीने तयार होत होती. कोण कुठली माणसं, कुठे नेणार, काही माहीत नाही. आणि ही केस ओले करून, बूट घालून, ताठ उभी. मी बेचाळीस वर्षांची बाई, मला साधा फ्लॅट बदलायची वेळ आली तर आठवडाभर झोप लागत नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. मग त्याने फोन उचलला आणि या शुक्रवारी जेवायला या म्हणून कोणाला तरी आमंत्रण दिलं.

माझी खडीसाखर तिथेच विरघळली. दार लावून घेतलं आणि दबक्या आवाजात त्याला फाडून खाल्लं. "डोकं ठिकाणावर आहे का? पाहुण्यांमुळे पोरीचं हे झालंय आणि तुम्ही पाहुणे बोलावताय?"

तो म्हणाला, "मग काय, कोणालाच बोलवायचं नाही? मग तिला वाटेल, आता न्यायलाही कोणी येत नाही. हे बघ, तिला सांगून पटणार नाही. दिसायला पाहिजे. पाहुणे येतात, पाहुणे जातात, ती राहते. एकदा दिसून भागायचं नाही. नवा पंप एकदा फिरला म्हणून आम्ही पास करत नाही. दिवसरात्र फिरवत ठेवतो, तेव्हा कळतं."

हा माणूस समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात पंप चालू करून देतो. पंचवीस वर्षं हेच काम. मला वाटायचं, यात काय मोठंसं आहे.

तर मग आमच्याकडे शुक्रवारचे पाहुणे सुरू झाले. आधी प्रत्येकाला त्याने फोन करून सांगून ठेवलं: कविता म्हणायला लावायची नाही, आणि चेष्टेतही 'येतेस का आमच्याकडे' म्हणायचं नाही. मुलीला त्याने दोन कामं दिली. पाहुणे आले की तांब्या-भांडं नेऊन पाणी द्यायचं. आणि निघाले की बाबाबरोबर खाली जाऊन त्यांना सोडून यायचं. त्याच्या मते ही दोन्ही कामं घरचा माणूसच करतो. पाहुणा पाहुण्याला पाणी देत नाही.

पहिल्या शुक्रवारी तिने पाणी दिलं आणि मग कोट घालून दारात उभी राहिली. मी तो काढायला पुढे झाले तर नवऱ्याने मला डोळ्यांनी थांबवलं. ती तशीच खाली गेली. मी गॅलरीतून बघत होते. गाडी गेली. ती रस्त्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. त्याने काहीच भाषण केलं नाही. शेजारच्या बाकाल्यातून, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, दही घेतलं आणि दोघं वर आली. आल्यावर म्हणाला, "चला, भांडी गोळा करू या."

दुसऱ्या शुक्रवारी तसंच. तिसऱ्याही. आलिया भोगासी म्हणत मी दर गुरुवारी संध्याकाळी भाज्या चिरून ठेवत होते. कल्पना ह्यांच्या आणि पोळ्या माझ्या. इंजिनियर आले, बँकेतले आले, एकदा तर आमचा एसी दुरुस्त करणारा केरळचा माणूस बायकोला घेऊन आला आणि इतका संकोचला की जेवताना एक शब्द बोलला नाही. पाणी मात्र त्याने दोनदा मागितलं, आणि तिने दोनदा दिलं. त्याला नवऱ्याने काहीतरी सांगून ठेवलं असणार.

उन्हाळ्यात निम्मी माणसं रजेवर भारतात गेली. पाहुणे आणायचे कुठून? तेव्हा भाभी धावून आल्या. रोज दहादा आमच्याकडे सपाता घालून ये-जा करणारी ही बाई शुक्रवारी चांगला ड्रेस घालून, खांद्याला पर्स लावून आमची बेल वाजवायची. सोफ्याच्या कडेवर बसायची. "काय गो बाय, बरी आहेस ना?" असं नव्याने विचारायची. पाणी प्यायची, जेवायची, अर्ध्या तासाने म्हणायची, "यल्ला, निघते आता." बाप-लेक तिला लिफ्टने खाली सोडायला जायची. ती त्यांना हात करून कोपऱ्यापर्यंत चालत जायची, ती दोघं वर येईपर्यंत त्या त्रेचाळीस डिग्रीत बाकाल्यात उभी राहायची आणि मग समोरच्या आपल्या घरी परतायची. मी म्हटलं, "भाभी, ऊन लागेल हो." तर म्हणाल्या, "लागू दे. इंशाल्ला पोर राहील." अशा माणसांपुढे माझ्यासारखीने काय बोलावं! मी नुसते हात जोडले.

कोट कधी सुटला ते नेमकं सांगता येत नाही. एका शुक्रवारी तो हातावर होता. नंतर कधीतरी हँगरवरच राहिला, पण दप्तर पाठीला होतं. पुढे दप्तरही गेलं. पण पाहुणे निघाले की ती जे करत असेल ते टाकून दाराशी यायची. बाबाचं बोट धरून खाली जायची आणि गाडी वळेपर्यंत बघायची. पंप फिरत होता, पण पास झाला असं नवरा म्हणत नव्हता. मी विचारलं की म्हणायचा, "अजून ती तपासतेय." पोरगी शाळेत इंग्रजी शिकली, आमच्याकडून मराठी, भाभींकडून त्यांची मराठी, आणि शाळेच्या बसमधून अरबी. सगळं एकत्र करून दिवसभर बोलायची. पण दाराशी आली की गप्प.

ऑक्टोबरमध्ये हवा जरा बरी झाली. एका शुक्रवारी नवऱ्याचे जुने साहेब आणि त्यांची बायको जेवायला आली. साहेब बोलायला बसले की वेळेचं भान नाही. जेवण झालं, सुपारी झाली, चहा झाला, साहेबांचं बोलणं मात्र अजून पुण्यातल्या प्लॉटपर्यंतच आलं होतं. संध्याकाळी आम्ही झल्लाकला समुद्रावर जाणार होतो, हे मुलीला आठवड्यापासून कबूल केलं होतं. चार वाजले. ती दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेली. तिसऱ्यांदा आली ती थेट साहेबांसमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"काका, चहा खलास झाला," ती म्हणाली. "तुम्ही कधी जाणार? आम्हाला झल्लाकला जायचंय."

साहेबांच्या बायकोने चष्मा नीट केला. आणि माझं ते जुनं भूत जागं झालं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी माझ्या खऱ्या आवाजात ओरडले, ज्या आवाजाने भाभींच्या घरातल्याही गप्पा थांबतात. "असं विचारतात का घरी आलेल्या माणसांना? लाज नाही वाटत? आत जा आधी!"

आठ महिने जपलेलं मी एका क्षणात घालवलं असं वाटलं. आता ही गप्प होईल, फडका शोधेल, घड्या घालत बसेल.

तिचं तोंड लालबुंद झालं. तिने पाय आपटला. "मग तू विचार ना!" ती माझ्याइतक्याच आवाजात ओरडली, रडत रडत आत गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

भांडकुदळ पोर! मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी कॅलेंडर उचलायच्या निमित्ताने खाली वाकले, कारण साहेबांच्या बायकोला माझा चेहरा दिसायला नको होता.

साहेब भले माणूस. "चुकलंच आमचं," म्हणत उठले. चपला घातल्या, लिफ्टचं बटण दाबलं. नवऱ्याने नेहमीप्रमाणे आत हाक मारली, "चल गं, काका निघाले, सोडायला जायचंय."

त्याने पुन्हा हाक मारली. लिफ्ट आली होती, साहेब दार धरून उभे होते.

बंद दाराआडून आवाज आला, रडून जड झालेला, पण घाईत असलेला. "बाबा, तू जा ना सोडायला. मी पोहायचे कपडे घालतेय."

नवरा दारात क्षणभर तसाच उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही, पाहिलं असतं तर दोघांचंही अवघड झालं असतं. मग तो पाहुण्यांना सोडायला एकटाच खाली गेला.